खांबापर्यंत

पाठराखी पट्टा बांधून घेण्यात केतकी वाघमोडेचा फायदा किती होता, ते आधी मांडून टाकू. एकदा हळहळ सुरू झाली की हे मांडायचं राहून जातं. वय चौतीस. गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी थोरले. ‘सोलापूर धोटा’ या बेसबॉल संघाची ती शॉर्टस्टॉप, आणि पुढच्या हंगामाचा करार अजून हातात पडला नव्हता. पट्टा बांधला नाही तर शाल, नारळ आणि मॅनेजर बाबर सरांचं निरोपाचं भाषण. बांधला तर आणखी दोन हंगाम. आणि ते पुरे झाले की लीगच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षक म्हणून कायमची नेमणूक मागायचा हक्क. म्हणजे एका पारड्यात शाल, दुसऱ्यात म्हातारपणापर्यंत बसायची जागा. केतकीनं दुसरं पारडं धरलं. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपण काय केलं असतं ते मनाशीच सांगावं, मोठ्यानं नको.

बेसबॉल आपल्याकडे सॉफ्टबॉलचं बोट धरून शाळांच्या स्पर्धांत शिरला आणि बरीच वर्षं प्रमाणपत्रापुरता राहिला. मग महिलांची आशियाई लीग निघाली, तिच्या भारतीय शाखेला शहरं हवी होती, आणि क्रिकेटवाल्यांनी मोठी शहरं आधीच अडवलेली. उरली सोलापूर, जळगाव, नाशिक, अमरावती. सोलापूरनं संघाला मागाच्या धोट्याचं नाव दिलं. धोटा जसा उभ्या सुतांतून डावीउजवीकडे पळतो, तसं शॉर्टस्टॉपचं काम. ती उभी राहते दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध, आणि जमिनीवरून सणसणत आलेले निम्मे चेंडू तिच्याच शेजारून निसटायला बघतात. तिच्या डाव्या हाताला दुसरा बेस. त्या बेसच्या पलीकडची जागा अश्लेषा डोंगरेची.

केतकी आणि अश्लेषा दोघी धाराशिवच्या. एकाच शाळेच्या खो-खो संघात वाढलेल्या. तिथं अश्लेषानं मागून खो द्यायचा आणि केतकीनं उठायचं, असं त्यांचं वयाच्या नवव्या वर्षापासून चाललेलं. बेसबॉलमध्ये आल्यावर अश्लेषाचा हात पाठीपर्यंत पोचेना, म्हणून ती तोंडानं काम भागवू लागली. “केतके, डावी! केतके, राहू दे, माझा!” सोलापूरच्या प्रेक्षकांना चेंडू दिसायच्या आधी अश्लेषाचा आवाज ऐकू यायचा.

आता पट्ट्याचं. बॅटला चेंडू लागायच्या आधी बॅटरची कंबर फिरते, पुढचा पाय रुततो, मनगटं एका बाजूला उघडतात. मैदानाभोवतीचे कॅमेरे हे टिपतात, चेंडूची फिरकी रडार मोजतो, आणि चेंडू कुठल्या अंगाला जाईल याचा अंदाज बॅट आणि चेंडूची गाठ पडायच्या आत तयार होतो. दहात नऊ वेळा तो बरोबर निघतो. अडचण एवढीच की तो खेळाडूला सांगायचा कसा. कानात सांगावं तर प्रेक्षकांचा गोंगाट. डोळ्यांपुढे दिवा लावावा तर डोळे आधीच कामात, शिवाय डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत उलगडायला वेळ लागतो. स्पर्शाची वाट त्या मानानं आखूड. म्हणून पाठीवर एक पट्टा, त्यात तीन छोट्या हातोड्या. डाव्या खवाट्यावर टकटक झाली की डावीकडे पळायचं, उजव्यावर झाली की उजवीकडे, आणि मधे कण्यावर झाली की बेत रद्द, मागे फिरायचं. लीगनं प्रत्येक संघात एकीलाच पट्ट्याची परवानगी दिली होती, आणि ती एक अर्थातच शॉर्टस्टॉप.

आधी तो बाहेरदेशीच्या नावाजलेल्या खेळाडूंवर करून पाहिला. टकटक व्हायची, त्यांना कळायची, आणि मग त्यांचा मेंदू डोळ्यांना विचारायचा, ‘खरं का?’ ही विचारपूस होईपर्यंत वाचवलेला वेळ खर्च झालेला असायचा. पट्टा बनवणारी कंपनी दुकान गुंडाळायच्या बेतात असताना तिथल्या संशोधक डॉ. पूर्वा टेंबे यांनी सोलापूरला दोन दिवस मुक्काम केला. तिथं त्यांना दिसलं की खो-खोतून आलेल्या मुली कुणालाच काही विचारत नाहीत. पाठीवर थाप पडली की त्या निघतात. लहानपणी हजारो वेळा पाठीवरच्या थापेवर उठलेलं शरीर. त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. टेंबे मॅडमनी त्या रात्री कंपनीला कळवलं की यंत्र बरोबर आहे, आपण माणसं चुकीची घेत होतो.

अर्धी गोष्ट त्यांना दिसली होती. उरलेली अर्धी खो-खोच्या नियमात होती.

खो मिळालेला खेळाडू उठून एकदा दिशा घेतो, मग त्याला उलट फिरता येत नाही. फिरला की फाऊल. पुढे पळणारा गडी हुलकावणी देऊन मागं पळाला तरी तो फक्त बघत पुढे जातो. फिरायची मुभा एकाच ठिकाणी, मैदानाच्या टोकाच्या खांबाशी. हे नियम सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. पण पाठ असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं.

पट्टा कायमचा मिळण्याआधी परतीची चाचणी द्यावी लागे: डावी टकटक, पळायला सुरुवात, मग कण्यावरची टकटक, की थांबून मागे. सरावाचा पट्टा बांधून केतकीनं हे अश्लेषाच्या देखत करून पाहिलं. डावीकडे ती अशी सुटली की अश्लेषानं शिट्टीच मारली. कण्यावर टकटक झाली आणि केतकी पळत राहिली. दुसरा बेस गेला, पहिला बेस गेला, कुंपण आलं. कुंपणाला हात लावून ती गर्रकन फिरली.

“अगं, कुठं निघालीस? बार्शीला?” अश्लेषा पोट धरून हसत होती.

“कळली गं मला टकटक. पाय थांबत नाहीत.”

“परत कर.”

पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळेस अश्लेषाचं हसू गेलं. तिनं पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्याच्या खांद्यावर एक बारीक दिवा होता, पंचांना दिसावा म्हणून. कण्यावर टकटक झाली की तो तांबडा व्हायचा.

“हा मला दिसतो माझ्या जागेवरून,” अश्लेषा म्हणाली. “तांबडा झाला की मी ओरडते, ‘केतके, मागं!’ माझ्या आवाजावर फिरतेस का बघू.”

केतकी फिरली. पंचवीस वर्षांची सवय होती. तो आवाज खो-खोच्या कुठल्याच नियमात बसत नव्हता, त्यामुळे त्याला आडवा येणारा नियमही नव्हता.

“ही लबाडी आहे, आशे.”

“कशाची लबाडी? मॅचमध्ये मी तिथंच असणारे ना? का मला काढून टाकायचा विचार आहे?”

चाचणीच्या दिवशी टेंबे मॅडम टॅबलेट घेऊन उभ्या होत्या, बाबर सर त्यांच्यामागे हाताची घडी घालून. केतकी सुटली, दिवा तांबडा झाला, अश्लेषा ओरडली, केतकी फिरली. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूनं ओरडणं हे तिचं कामच असतं, त्यात कुणाला वावगं काय वाटणार? टेंबे मॅडमनी ‘उत्तीर्ण’वर बोट टेकवलं. बाबर सरांना वावगं वाटलं असावं, कारण ते आकाशाकडे पाहायला लागले. पण त्यांचाही करार नवा व्हायचा होता.

तो हंगाम सोलापूरनं डोक्यावर घेतला. चेंडू निघायच्या आत केतकी तिथं हजर. समालोचकांचं ‘अप्रतिम’ संपलं, मग ‘अविश्वसनीय’ संपलं, शेवटी ते नुसतेच ‘ओहोहो’ करू लागले. धाराशिवला खो-खोच्या मैदानांवर मुलींची रीघ लागली. ज्या आयांना आजवर मुलीच्या गुडघ्यावरची खरचटं दिसली की धडकी भरायची, त्याच आता सरांना विचारू लागल्या, “हिच्या पाठीत थाप जरा जोरात मारायला सांगा की.” जळगावनं आणि अमरावतीनंही आपल्या शॉर्टस्टॉप बदलून खो-खोच्या मुली घेतल्या. त्याही चाचणीत पास झाल्या. कशा, ते कुणी विचारलं नाही. प्रत्येक संघात ओरडणारी एक असतेच.

घरी मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला. खो-खो सुटल्यावर केतकीच्या पाठीवरची ती सवय बरीचशी निजली होती. रोजच्या शेकडो टकटकींनी ती खडबडून जागी झाली. तिचा नवरा समाधान हायस्कूलवर खेळाचा शिक्षक आणि खो-खोचा पंच. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात पंगतीच्या वेळी आत्याबाईंनी कौतुकानं केतकीच्या डाव्या खांद्यामागं थाप दिली, “शाब्बास गं माझी वाघीण!” आणि वाघीण डावीकडे निघाली. वाढप्याला चुकवून, नवरदेवाच्या मामांना ओलांडून, थेट मांडवाच्या बांबूपर्यंत. बांबूला हात लावून परत आली तेव्हा तिच्या पैठणीवर मठ्ठा होता आणि मांडवात शांतता.

“शौचाला लागलं असेल,” कुणीतरी म्हणालं. समाधानला हसू आवरेना. रात्री मात्र त्याला जुईची धास्ती वाटली.

जुई त्यांची मुलगी, पाच वर्षांची. आई सामन्याहून आली की मागून धावत येऊन पाठुंगळी बसायचं आणि घरभर फिरायचं, ही तिची ठरलेली वसुली. त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, हंगामाच्या मध्यावर, जुईनं अशीच उडी मारली. केतकी सुटली ती गॅलरीच्या कठड्यापर्यंत. कठड्याला हात लागला म्हणून थांबली. जुईला वाटलं आईनं आज नवीन खेळ काढला. ती टाळ्या पिटत होती. चौथा मजला होता.

दुसऱ्या दिवसापासून समाधाननं घरात नियम केला: आईच्या पाठीला हात लावायचा नाही. विजेच्या बटणांबद्दल सांगतात तसंच सांगितलं. जुई शहाणी मुलगी. ती वळसा घालून पुढून यायला शिकली. आईशी बोलायचं झालं तर आधी समोर उभी राहायची, बँकेत राहतात तशी.

“दुसरी टकटक तुला लागू पडत नाही, हे कंपनीला सांगितलंयस का?” समाधाननं विचारलं.

“अहो, पास झालेय मी चाचणी.”

“मी पंच आहे, केतकी. धावणाऱ्याला पाठीत थाप मारली तर तो फिरत नाही. खो बसलेल्याला देतात.”

“आशी ओरडते की.”

“आणि आशीचं लक्ष नसेल तेव्हा?”

“आशीचं लक्ष नाही असं कधी झालंय?” केतकी म्हणाली, आणि तिच्या मते तो विषय संपला.

उपांत्य सामना जळगावशी, सोलापूरच्याच मैदानावर; नाणेफेकीनं शेवटची बॅटिंग जळगावच्या वाट्याला. शेवटची इनिंग, सोलापूर एका धावेनं पुढे. जळगावच्या दोघी बेसवर, दोघी बाद. आता एक बाद केली की अंतिम फेरी. जळगावच्या बॅटरनं कंबर फिरवली आणि केतकीच्या डाव्या खवाट्यावर टकटक झाली. ती निघालीसुद्धा, चेंडू बॅटला नंतर लागला. अंदाज अगदी बरोबर होता, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या शेजारून तो दुसऱ्या बेसकडेच निघाला होता. पण पिचरनं कशाला कोण जाणे हात मधे घातला. ग्लव्हच्या टोकाला लागून चेंडू वर उडाला, उंच, आरामात, अश्लेषाच्या बाजूला.

शाळेतल्या पोरीनंही झेलला असता असा तो झेल. यंत्रानं गणित पुन्हा मांडलं, केतकीच्या कण्यावर टकटक केली, खांद्यावरचा दिवा तांबडा झाला. सगळं वेळेत झालं. अश्लेषा चेंडूखाली उभी होती, मान वर, दोन्ही हात वर. वर पाहणाऱ्या माणसाला शेजारच्या खांद्यावरचा दिवा दिसत नाही. चाचणीत अश्लेषाला झेलायला चेंडू नव्हता.

केतकी दुसरा बेस ओलांडून सरळ तिच्यात घुसली.

चेंडू खाली पडून घरंगळत गेला. जळगावच्या दोघी धावत घरच्या बेसवर आल्या, दोन धावा झाल्या आणि सामना संपला. प्रेक्षकांना सामन्याचं वाईट वाटायला थोडा वेळ लागला, कारण अश्लेषा ओरडत नव्हती. तिला गप्प बसलेलं त्या मैदानानं कधी पाहिलंच नव्हतं.

बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला क्रमांक असतो. अश्लेषाची जागा चार, केतकीची सहा. गुणलेखकानं चूक सहाच्या नावावर टाकली. संध्याकाळी कंपनीनं पत्रक काढलं: परतीची सूचना वेळेत देण्यात आली होती, खेळाडूनं ती पाळली नाही, अपघाताबद्दल खेद आहे. पत्रक मराठीत फार छान उतरलं होतं.

या पत्रकाचा अर्थ साधा होता. चूक केतकीची ठरली तर ही खेळातली नेहमीची दुखापत. अश्लेषाला हंगाम संपेपर्यंत उपचार आणि मग नमस्कार. चूक पट्ट्याची ठरली तर अश्लेषाचा पुढचा सगळा भार कंपनीवर. आणि केतकीचं गणित बरोबर उलटं. ‘माझी चूक झाली’ म्हटलं तर एका सामन्याची बंदी आणि पुढे उरलेला एक हंगाम, तीच बसायची जागा. ‘दुसरी टकटक मला कधीच लागू पडली नाही’ म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग चाचणी पास कशी झालीस?

अश्लेषाच्या उजव्या खांद्याचा सांधा तीन ठिकाणी फुटला होता. केतकी दवाखान्यात गेली तेव्हा ती पलंगावर टेकून डाव्या हातानं पोहे खायचा प्रयत्न करत होती.

“हळू ये बाई. दाराला हात लाव आधी.”

केतकी दारातच रडायला लागली.

“रडू नको, पोह्यांत खारट पडतंय. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर जाणार नाही. वेणी घालता येईल म्हणे, फेकता नाही येणार. मी म्हटलं, मला वेणी कुठाय?”

“मी समितीपुढं सांगणारे, आशे. सगळं.”

“सगळं म्हणजे?” अश्लेषानं चमचा ठेवला. “डोकं वापर. चाचणीत ओरडली कोण? मी. सगळं सांगितलंस तर तुझा खेळ गेला आणि मला औषधाची पुडीसुद्धा मिळणार नाही. वर बंदी. फेकायच्या नाहीच, शिकवायच्याही लायकीची राहणार नाही मी.”

“मग गप्प बसू? तुझा खांदा माझ्या बसायच्या जागेला लावू?”

अश्लेषानं डाव्या हातानं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, “तुझं तू सांग. माझं माझ्याकडं राहू दे. खोटं बोलू नको. तुला जमत नाही, कान लाल होतात.”

समितीची बैठक पुण्याच्या एका हॉटेलात झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई, शेजारी लीगचे दोन अधिकारी, समोर कंपनीचे वकील, टेंबे मॅडम आणि बाबर सर.

“दुसरी सूचना तुम्हाला मिळाली नव्हती का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मिळाली. स्पष्ट कळली. कुणीतरी दुसऱ्याच बाईला हाक मारतंय असं वाटलं.”

वकिलांनी खुशीत मान हलवली. केतकी पुढे बोलत राहिली. “आणि हे त्याच दिवशी झालं असं नाही. दुसऱ्या टकटकीवर मी कधीच फिरलेली नाही. फिरूच शकत नाही. चाचणीतही नाही.”

“चाचणीत तर फिरलात. नोंद आहे.”

“आवाजावर फिरले. टकटकीवर नाही.”

“कुणाच्या आवाजावर?”

“मैदानात पुष्कळ ओरडतात, मॅडम.”

“मी नाव विचारतेय.”

“फसवलं मी. पट्टा माझ्या पाठीवर होता. मी माझंच सांगायला आलेय.” केतकीचे कान लाल झाले नव्हते, ती खोटं बोलत नव्हती.

वकील उठले. “म्हणजे खेळाडूनं लबाडी केली. विषय संपला.”

“संपला नाही,” केतकी म्हणाली. “मी एकटीनं लबाडी केली असेल तर जळगावच्या आणि अमरावतीच्या मुलींना शांत मैदानावर पळवून बघा. कुणी ओरडायचं नाही.”

टेंबे मॅडम इतका वेळ टॅबलेटकडे पाहत होत्या. त्यांच्याकडे चाचणीचं ध्वनिमुद्रण होतं, आवाजासकट. अश्लेषाचा आवाज ओळखायला न्यायाधीश लागत नाही. हे ध्वनिमुद्रण पुढे केलं असतं तर कंपनी सुटली असती, टेंबे मॅडमना बढती मिळाली असती. अध्यक्षबाईंनी विचारलंच, “त्या दिवशी नेमका आवाज कुणाचा, हे तुमच्या नोंदीतून कळेल का?”

“वारा फार होता,” टेंबे मॅडम म्हणाल्या.

बाबर सरांनी लगेच दुजोरा दिला, वारा खरंच फार होता. सोलापुरात त्या दिवशी पानही हललं नव्हतं.

आठवडाभरात शांत मैदानावर चाचण्या झाल्या. लीगमधल्या खो-खोतून आलेल्या एकजात सगळ्या शॉर्टस्टॉप कुंपणापर्यंत पळाल्या, कुंपणाला हात लावून फिरल्या. मग टेंबे मॅडमनी अहवालात लिहिलं, आणि ते वाचण्यासारखं होतं. हालचाल सुरू करणं आणि सुरू झालेली हालचाल रोखणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे मार्ग वेगळे. पाठीवरच्या थापेची गाठ या मुलींच्या शरीरात फक्त पहिल्या मार्गाशी बांधलेली आहे. दुसऱ्या मार्गाची चावी पाठीवर नाहीच. ती तळहातात आहे, खांबाला लागणाऱ्या. आम्ही वेगासाठी त्यांचं बालपण वापरलं आणि थांबण्यासाठी दुसऱ्याच कुणाचं तरी गृहीत धरलं.

हा अहवाल कंपनीनं छापला नाही. टेंबे मॅडमची बदली गुडघ्याच्या पट्ट्यांच्या विभागात झाली.

आता जमाखर्च. कंपनीनं अश्लेषाचा भार उचलला आणि पट्ट्याची नवी आवृत्ती काढली. तिच्यात एक हातमोजा आहे, थांबायचं असेल तेव्हा तळव्याला खांबासारखा दाब देणारा. चांगला खपतोय. बाबर सर नाशिकच्या संघात गेले, तिथं ते सचोटीवर बोलतात. लीगच्या नियमांत एक कलम वाढलं: यंत्रानं केलेली चूक यापुढे यंत्राच्या नावावर लिहावी. यापुढे, म्हणजे मागची नाही. नवी आवृत्ती येईपर्यंत खो-खोच्या मुलींना पट्टा बंद झाला. ज्या नुकत्याच संघांत लागल्या होत्या त्या घरी आल्या, आणि धाराशिवच्या मैदानावरची रीघ ओसरली. उरल्या त्या खो-खोसाठी आलेल्या. चाचणीतल्या फसवणुकीबद्दल केतकीवर दोन हंगामांची बंदी बसली. नेमके दोन. छत्तिसाव्या वर्षी परतणाऱ्या शॉर्टस्टॉपची कुणी वाट पाहत नाही, त्यामुळे तिला शालही मिळाली नाही.

पट्टा सुटला तरी पाठ तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, विसरेल हळूहळू. जुई सहा वर्षांची झाली, पुढून येऊन बोलायची तिची सवय पक्की झाली. एका रविवारी अश्लेषा घरी आली, हात अजून झोळीत. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तिनं पाहिलं, जुई आईच्या पाठीकडे बघत उभी आहे. मिठाईच्या दुकानाबाहेर पोरं उभी राहतात तशी.

“काय गं, पाठुंगळी नाही बसत आता?”

“आईला थांबता येत नाही,” जुई म्हणाली.

“थांबता येतं की. खांब लागतो तिला.” अश्लेषा चालत गेली आणि गेटाशी, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, पाय रोवून उभी राहिली. डावा हात आडवा धरला. “मी खांब. चल, दे खो.”

“आशे, नको. परत लागेल तुला.”

“या वेळेस मी वर बघत नाहीये. चल.”

जुईनं आधी बापाच्या खिडकीकडे पाहिलं, मग आईच्या पाठीवर थाप मारून उडी घेतली. केतकी डावीकडे निघाली, स्कूटरींच्या रांगेवरून, डोळे अश्लेषावर लावून. अश्लेषाच्या तळव्याला तिचा तळवा लागला आणि ती फिरली. जुई वरून किंचाळत होती, “परत! परत!”

गुणलेखकाच्या वहीत त्या चेंडूपुढे अजून सहाच लिहिलेलं आहे. बदलून घ्यायला केतकी गेली नाही. चारच्या रकान्यात काहीच नाही, ना चूक ना साहाय्य. खांदा मात्र चारचा गेला. नोकरी सहाची गेली. आणि जिचा क्रमांकच नव्हता त्या जुईचं पाचवं वर्ष गेलं, ते कुठल्या समितीनं विचारलं नाही. भरून काय निघालं म्हणाल, तर स्कूटरींपासून पाण्याच्या टाकीपर्यंतची एक फेरी; तीसुद्धा अश्लेषा येऊन उभी राहील त्या रविवारी.